अण्णाचं विसरणं

भिजवलेल्या सुंभाला एक ओलसर, आंबूस वास असतो. माघातल्या कोवळ्या उन्हात तो अंगणभर पसरला, की अण्णा बाज विणायला बसला हे मला आत भाकरी थापतानाच कळायचं. माझा हा थोरला भाऊ आता अडुसष्ट वर्षांचा आहे. ऐन विशीत स्किझोफ्रेनियाने त्याला गाठलं, नोकरी गेली, लग्न राहून गेलं; पण पारनेरच्या आसपास ज्याला म्हणून घट्ट बाज हवी, तो लाकडी चौकट घेऊन आमच्याच दारात येई. मन कितीही सैरभैर असलं, तरी अण्णाची बोटं विणीचा क्रम कधी चुकली नाहीत.

यंदा त्याने एकच बाज चार वेळा उसवली. चौथ्या खेपेला सुंभाचा गुंडा मांडीवर घेऊन त्याने मला विचारलं, "सुमे, ह्याचं काय करायचं असतं?" मला कीव नाही, रागच आला. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं: हा गोळ्या थुंकतोय. आई होती तोवर गोळी दिल्यावर त्याला तोंड उघडायला लावून जिभेखाली बघण्याची रीत आमच्या घरात होती. ती मी पुन्हा सुरू केली आणि रोज सकाळी पिकल्या केसांच्या भावापुढे 'आ कर' म्हणत उभी राहू लागले. जिभेखाली कधीच काही सापडलं नाही. महिना संपायच्या आत गोळ्या मात्र संपल्या, तेव्हा कळलं, की सकाळची गोळी घेतल्याचं विसरून तो दुपारी पुन्हा घेत होता. मी चोर समजून ज्याची झडती घेत होते, तो नुसता विसरत होता.

आई उतारवयात विसरू लागली, तेव्हा सारी आळी हळहळली होती. अण्णाचं सांगितलं, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "येड्याचं इसरनं काय धरायचं, बाई? लई वर्सांचं हाय ते." वेडा ठरलेल्या माणसाला म्हातारं होण्याचाही अधिकार नसतो काय? त्याचं काहीही बिघडलं, की ते जुन्याच आजाराच्या नावावर ढकलून लोक मोकळे होतात, आणि माझा संताप असा, की मीही त्याच लोकांतली निघाले.

नगरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी अण्णाकडे कमी आणि त्याच्या जाडजूड फाईलकडे जास्त पाहिलं. आजार उचल खातोय, डोस वाढवू, असं ते म्हणाले. मी विसरलेली वीण सांगितली, दोनदा घेतलेल्या गोळ्या सांगितल्या, स्मरणशक्ती तपासा म्हणून अडून बसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आई माझ्याबद्दल उगाच म्हणत नसे. शेवटी वैतागून त्यांनी अण्णाला त्याचं नाव विचारलं.

अण्णाने मान किंचित डावीकडे कलती केली. गेली पंचेचाळीस वर्षं फक्त त्यालाच ऐकू येणारा एक पुरुष त्याच्या डाव्या कानाशी बोलतो, नाव घेऊन शिव्या घालतो. त्या आवाजाला गप्प करण्यासाठीच तर आमच्या या साऱ्या गोळ्या. क्षणभराने अण्णा म्हणाला, "दत्तात्रय." बघा, आठवतंय की, असं म्हणून डॉक्टरांनी वाढीव डोस लिहून दिला.

बाहेर औषधांच्या रांगेत मी त्याला हळूच विचारलं, नाव खरंच आठवलं का.

"मला न्हाई आठवलं," अण्णा म्हणाला. "त्यानं सांगितलं."

खिडकीशी पोचायला दोनच माणसं उरली होती. मी रांग सोडली आणि अण्णाचा हात धरून पुन्हा डॉक्टरांच्या दारापाशी, सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिले. आत गेल्यावर काय मागायचं, ते मात्र मला ठरवता येत नव्हतं. तो आवाज जावा म्हणून मी आयुष्यभर भांडले होते, आणि आता तो गेला तर अण्णाला त्याचं नाव कोण सांगणार?