ज्ञानोबाची पाळी

“भाऊ, माझं नाव काहून कापलं?”

ज्ञानोबाने चप्पलसुद्धा काढली नाही. सरळ माझ्या टेबलापाशी आला. मी म्हटलं, नाव कापलेलं नाही. चौसष्ट सभासद, यादीत चौसष्ट नावं. दोनदा मोजली आहेत.

“मंग पहिलं नाव वाचा.”

“हनुमंत.”

“अन् मी कुठं हाय?”

नोटीस बोर्डापाशी जाऊन मी यादीवर बोट फिरवत खाली आलो. ज्ञानोबा शेहेचाळिसावा होता.

वसमतजवळच्या एका गावात मी शेतकरी गटाचं ऑफिस सांभाळतो. गटाचा हळद शिजवायचा एक कुकर आहे. कुकर म्हणजे ट्रॉलीवर बसवलेला बॉयलर आणि त्याला जोडलेले वाफेचे ड्रम. दिवसाला दोघांची हळद शिजते, म्हणजे सगळ्यांची व्हायला बत्तीस दिवस लागतात. पाळीवरून वाद नको म्हणून गटाचा ठराव आहे: एका वर्षी ‘अ’पासून, पुढच्या वर्षी उलटं, ‘ज्ञ’पासून. निम्म्या गावाचं आडनाव एकच, त्यामुळे यादी पहिल्या नावाने लागते.

गेल्या वर्षी ज्ञानोबा चौसष्टावा होता. यंदा तो पहिला. हे त्याने वर्षभर भेटेल त्याला ऐकवलं होतं. त्याच भरवशावर दीड एकर हळद काढून त्याने शेतात ढीग लावला होता. कुकर परवा सुरू होणार होता. शेहेचाळिसावी पाळी म्हणजे तेविसावा दिवस. काढलेली हळद इतके दिवस पडून राहिली की सुकते, शिजताना कुठं कच्ची राहते, आणि रंग उतरतो. बाजारात हळदीचा रंगच बघतात.

चूक कुठं झाली ते मला यादीजवळ उभ्या-उभ्याच कळलं. ती माझीच होती.

आम्ही ऑफिसात एक मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतो. ओपन सोर्स म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. नवी आवृत्ती येण्याआधी तिचं कच्चं रूप इंटरनेटवर ठेवतात. त्याला बीटा बिल्ड म्हणतात. हौस असलेल्याने ते चालवून पाहायचं आणि दोष सापडला की कळवायचा. पगार नाही, पण मला ही हौस सहा वर्षांपासून आहे. प्रत्येक बिल्डवर मी ठरलेल्या चाळीस गोष्टी तपासतो आणि वहीत टिक करतो.

बीटा कामाच्या कॉम्प्युटरवर चालवायचा नाही, हा यातला पहिला नियम. त्यासाठी माझ्याकडे जुना लॅपटॉप वेगळा आहे. पण त्या सकाळी लाइट गेली होती आणि लॅपटॉपला बॅटरी होती. यादी तिथंच सॉर्ट केली, म्हणजे नावं वर्णक्रमाने लावली, आणि लाइट आल्यावर प्रिंट काढली. नव्या बिल्डने ‘ज्ञ’ उचलून ‘ज’च्या घरात नेऊन ठेवला होता.

सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. त्या बिल्डचं सॉर्टिंग मी आठवड्यापूर्वीच तपासून टिक केलं होतं. माझ्या चाचणीच्या यादीत वीस नावं होती. त्यात ‘ज्ञ’ नव्हता.

गटाच्या अध्यक्ष सुमनताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “यादी बदलली तर लोक म्हणतील ज्ञानोबानं चहा पाजला.”

“ताई, हिशेब ऐका. ज्ञानोबा वर गेला की पंचेचाळीस जण एकेक नंबर खाली येतात. त्यातल्या तेवीस जणांचा दिवससुद्धा बदलत नाही. उरलेल्या बावीस जणांचा एकच दिवस पुढे जातो. त्याच्या खालचे अठरा जिथल्या तिथं.”

“आणि हनुमंत?”

“दुसरा येतो. म्हणजे पहिल्याच दिवशी, दुपारून.”

“मग त्या बावीस जणांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. चूक कोणाची झाली तेही सांगा.”

सांगितलं. बावीस घरं, आणि पहिला नंबर गेला म्हणून हनुमंताचंही, अशी तेवीस. हनुमंत म्हणाला, “सकाळी मी एक नंबर होतो, दुपारी दोन नंबर झालो. संध्याकाळी पुन्हा येऊ नका म्हंजे झालं.”

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या आवृत्तीत यादी पुन्हा लावली. ज्ञानोबा पहिला. बोर्डावरची जुनी प्रिंट उतरवली, मग नवी लावली.

मग दोष कळवायला बसलो. याला बग रिपोर्ट म्हणतात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढंच लिहायचं. राग लिहायचा नाही. ज्ञानोबा शेजारी खुर्ची ओढून बसला होता.

“माझं नाव टाकलं का त्यात?”

“उदाहरण म्हणून टाकलंय.”

“बराबर लिवा. पुन्हा ‘ज’त टाकाल.”

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. परदेशातल्या एका डेव्हलपरने विचारलं होतं: मराठी शब्दकोशात तर ‘ज्ञ’ ‘ज’मध्येच सापडतो, मग हा दोष कसा? प्रश्न रास्त होता. मी घरातला शब्दकोश उघडला. त्याचं म्हणणं खरं निघालं. मग शाळेत जाऊन भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याचा फोटो काढला. तिथं ‘ज्ञ’ सगळ्यांत शेवटी. फोटो जोडून लिहिलं: दोन्ही क्रम आमच्याकडे चालतात. पण तुमची जुनी आवृत्ती तक्त्यासारखी लावत होती, नवी न सांगता शब्दकोशासारखी लावते. आमच्या एका सभासदाला त्यामुळे बावीस दिवस थांबावं लागलं असतं.

या प्रकाराला रिग्रेशन म्हणतात: आधी नीट चालणारं नव्या आवृत्तीत बिघडणं. पुढच्या बिल्डमध्ये ते दुरुस्त होऊन आलं. माझ्या चाचणीच्या यादीत आता एकवीस नावं आहेत.

ज्ञानोबाची हळद पहिल्या दिवशी शिजली. मालाला रंग चांगला आला. दोष दुरुस्त झाल्याचं सांगितलं, तेव्हा तो जरा विचारात पडला.

“पुढच्या साली ‘अ’पासून हाय ना?”

“हो.”

“मंग नव्या दुरुस्तीत माझा नंबर?”

“चौसष्ट.”

“अन् त्या बिघडलेल्यात?”

मी हिशेब केला. “एकोणीस.”

“भाऊ, ते बिघडलेलं जपून ठिवा.”

तो गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि ते बिघडलेलं बिल्ड पुसून टाकलं.