आमदार कुठल्या बाजूचा?

वीर स्टेशनबाहेर रिक्षात बसले आणि आईचा फोन आला. अनंतमामा गेला. त्याला आता दीड महिना झाला... आणि मला अजून त्याच्याशी भांडायचंय.

मुंबईची नोकरी संपवून मामा पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत परतला होता. घरांमागच्या डोंगराला भेग पडली तेव्हापासून त्याला एकच ध्यास, वाडी खाली सपाटीला हलवायची. जागा होती, मंजुरी नव्हती. मी महाडात चळवळीची पत्रकं काढायचे. आमदार कसा ओळखायचा हे मी चवदार तळ्यावर पत्रकं वाटता वाटता शिकले: विचार कुठला, सभागृहात हात कशासाठी वर केला. तेव्हाचा आमदार आमच्या अगदी उलट्या टोकाचा. त्याच्यावरचं माझं चार पानी पत्रक मामाने पूर्ण वाचलं आणि विचारलं, "तो मानसांशी कसा वागतो, ते ह्याच्यात कुठं हाय?" मी चिडले. मामा म्हणाला, काम सांगितलं की तो समोरच फोन लावतो, साहेबाला झापतो, आपण खूश होऊन वर येतो. "लेखी कधीच देत नाय. दिलं तर उद्या आपन त्याच्या दारात कशाला जाऊ गो?"

मत कुणाला द्यायचं ते आमच्याकडे गावकीत ठरतं, सगळ्या वाडीचं एकच. देवळात उभी राहून मी आमच्या विचाराचा उमेदवार पटवला. मामाचं मागणं एवढंच, की आधी घरांचं लेखी घ्या. बैठकीला आलेले वाडीचे मुंबईकर हसले, आपल्याच माणसाकडून लेखी? मी तर म्हणाले, विचार हीच हमी.

तो निवडून आला. पहिल्याच भेटीत त्याने आमच्यासमोर फोन लावला आणि साहेबाला झापलं. लेखी काही दिलं नाही.

विचार महत्त्वाचा, हे मी आजही म्हणेन. जुन्या आमदाराने उचलून धरलेले कायदे मी विसरणार नाही. पण एकमेकांना शिव्या घालणारे हे दोघं आम्हाला दारात बसवून ठेवण्यात एकाच पक्षाचे निघाले, आणि हे पत्रकात कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलं नाही. थकलेय मी.

मामा हृदय बंद पडून गेला, भेगेने नाही. पावसाळ्यात तो घरातल्यांना पुढच्या पडवीत झोपवायचा आणि स्वतः मागच्या खोलीत, डोंगराकडच्या भिंतीला टेकून पडायचा. म्हणायचा, कुणाला तरी आधी ऐकू यायला हवं. परवा वाडीत गेले होते. आता तिथे मामी झोपते.