खुंटीवरच्या किल्ल्या

लांज्याच्या पलीकडे एका वाडीत मी लोकमताच्या सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन फिरत होतो. चार घरांना कुलपं होती. पाचव्यात एक म्हातारी भेटली. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, म्हणून मी विचारलंही नाही.

मी कोण, कुठला, हे न विचारताच तिने गूळपाणी आणलं. तांब्या ठेवण्याआधी तिने हाताने जमीन चाचपली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"शेजाऱ्यांवर तुमचा किती विश्वास आहे?" मी छापील प्रश्न वाचला.

ती उठून दाराशी गेली. तिथे खुंटीवर किल्ल्या टांगलेल्या होत्या. एकेकीचे दाते बोटाने ओळखत ती सांगू लागली, "ही समोरच्यांची. ही वरच्या घराची. सगळी मुंबैला. गणपतीत येतात नि जाताना किल्ली माझ्याकडंच देतात. विश्वास नाय कसा?"

मी 'पूर्ण विश्वास'वर खूण केली. पण पुढचा प्रश्न वाचवेना. फॉर्म बाजूला ठेवून मी विचारलं, "आजी, डोळ्यांचं ऑपरेशन का नाही करून घेत?"

"त्याला रत्नागिरीत दोन दिवस ऱ्हावं लागतं, बाबा." तिने किल्ल्या पुन्हा खुंटीला अडकवल्या. "मग ह्या किल्ल्या नि माझ्या घराची किल्ली ठेवू कुणाकडं?"

मी उगीचच पेनाचं टोपण लावलं.

आमच्या अहवालात ती वाडी फार विश्वासाची ठरली. विश्वास ठेवायला तिथे दुसरं माणूसच उरलेलं नाही, हे लिहायला फॉर्मात जागा नव्हती.