निळं झबलं

आमच्या रेस्टॉरंटला दारू विकायचा परवाना नाही. वाइन हवी असेल तर गिऱ्हाइकानं आपली आपण आणायची. ग्लास आमचे, ओपनर आमचा. पण दारातच आत्या बाटली ताब्यात घेते आणि तिला निळं झबलं चढवते. महागडी असो नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातली, झबलं सगळ्यांना तेच.

आत्याची हयात शाळेचे गणवेश शिवण्यात गेली. बाबांनी रेस्टॉरंट काढलं तेव्हा ती गल्ल्यावर येऊन बसली. पहिल्याच वर्षी एक बाप मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांना घेऊन जेवायला आला. त्यांची बाटली ऐटदार, ह्याची स्वस्तातली. बिचारा जेवणभर लेबलावर तळहात ठेवून बसला, एका हातानं जेवला. आत्याला त्या रात्री घास गेला नाही. मग तिनं गणवेशाच्या उरलेल्या कापडातून झबली शिवायला घेतली.

गेल्या शुक्रवारी वकीलसाहेब बाईसाहेबांना आणि आपल्या माणसांना घेऊन आले. दर शुक्रवारी निम्मं रेस्टॉरंट त्यांच्याच माणसांनी भरतं. बसल्या बसल्या त्यांनी बाटलीचं झबलं काढून बाजूला टाकलं.

"आत्या, आजची खास आहे. दिसू दे की लोकांना!"

"प्यायल्यावर कळेलच. घाला बघू ते."

"आणि नाही घातलं तर?"

"तर बाहेर बाक आहे. तिथं बसू दे तिला उघडीनागडी."

बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हातवारे करत होते: ताई, जाऊ दे ना, ताई! आत्यानं सरळ त्यांच्याकडे पाठ केली.

"आम्ही दुसरीकडे जाऊ हं," साहेबांचा आवाज चढला.

"खुशाल जा. खुर्च्या तेवढ्या आमच्या आहेत, त्या ठेवून जा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब ताडकन उठले, बाटली काखोटीला मारली आणि तरातरा बाहेर. त्यांची माणसं अर्धवट उठलेली, बाईसाहेबांच्या तोंडाकडे बघतायत. बाईसाहेबांनी शांतपणे नॅपकिन मांडीवर पसरला.

"सूप आणा बाई, मला भूक लागलीये. त्यांना बसू दे बाहेर, सोबतीला बाटली आहे. ओपनर आतच आहे ना?"

सगळे पुन्हा खाली टेकले. सूप झालं, मासा आला, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. साहेब बाटली पुढे धरून उभे.

"आत्या, बाहेर फार थंडी आहे हो. हिला सोसत नाही."

"आणा इकडे लेकराला!" आत्यानं हसू दाबत झबलं झटकलं, चढवलं, दोरी आवळून नीट गाठ मारली.

ती स्वयंपाकघरात आली तर बाबा फुरंगटलेले. "अख्खा शुक्रवार हातचा गेला असता, ताई!"

"गेला असता तर गेला असता. तिकडे बघ."

दाराजवळच्या टेबलावर एक गृहस्थ बसले होते. निळ्या झबल्यातली त्यांची बाटली टेबलाच्या मधोमध उभी होती, आणि ते दोन्ही हातांनी, अगदी निवांत, माशाचे काटे काढत होते.