बांबूवरचा कॅमेरा

मी मुळात चिडका माणूस. माझ्या हातच्या कामावर कोणी शंका घेतली की माझी सटकतेच. साठचं दशक संपत आलं तेव्हा मी पुण्याहून कलकत्त्याला एका जाहिरातीच्या स्टुडिओत फोटोग्राफर म्हणून आलो, आणि दोन वर्षांत कलकत्त्याचाच जावई झालो. बायको तिथल्याच बालीगंज भागात जन्मलेली, मराठी घरातली. पण भांडण रंगात आलं की तिला बंगालीच सुचायची.

स्टुडिओत मी पंखे, बिस्किटांचे डबे, शिवणयंत्रं असल्या जागच्या न हलणाऱ्या वस्तूंचे फोटो काढायचो. एकदा एका मोटारविक्रेत्याला कॅलेंडरसाठी धावत्या गाडीचा फोटो हवा झाला. गाडी लख्ख दिसली पाहिजे आणि रस्ता मात्र पळताना दिसला पाहिजे. साहेबांनी विचारलं, "जमेल?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

युक्ती मला माहीत होती. कॅमेरा रस्त्यावर ठेवायचा नाही, एक लांब दांडा गाडीलाच जोडून त्याच्या टोकावर बसवायचा. गाडीबरोबर कॅमेराही पुढे जातो, म्हणून गाडी स्थिर येते आणि मागची झाडं-घरं ताणली जातात. शहराच्या बेहाला भागातल्या एका वर्कशॉपमधून मी पाण्याच्या पाइपाचा दहा फुटी दांडा वेल्डिंग करून घेतला. दिसायला तो भीमाची गदा होता. पण इंजिन सुरू झालं की पाइप थरथरायचा, पाइपाबरोबर कॅमेरा, आणि फोटोतल्या गाडीला हिवताप भरलेला. दोन आठवडे मी आधार जोडले, पाइप बदलले, मिस्त्रीशी भांडलो. शेवटी साहेब म्हणाले, "आणखी एकदा बघ. नाही झालं तर मुंबईचा फोटोग्राफर बोलावतो."

मुंबईचा! पुण्याच्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. त्या फोटोवर आता माझी नोकरी नाही, माझं नाक टांगलेलं होतं.

शेवटच्या प्रयत्नाचा दिवस मीच ठरवला. सकाळी वर्कशॉपमध्ये पाइप आखूड करून घ्यायचा आणि दुपारी फोटो. विक्रेता लगेच म्हणाला, "त्या दिवशी गाडी रिकामीच आहे, घेऊन जा." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सकाळी वर्कशॉपमध्ये पोचलो तर लेथला झेंडूची माळ. हातोड्या, पाने, करवती धुऊनपुसून देवाच्या मूर्तीपुढे ओळीनं मांडलेल्या, आणि मिस्त्री नव्या धोतरात. त्यानं माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाला, "आज विश्वकर्मा पूजा. आज हत्याराला हात नाही." हत्यारांची पूजा मला नवी नव्हती, पण आमच्याकडे ती खंडेनवमीला. ती महिन्याभरानं येणार होती, म्हणून मी निर्धास्त! गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरनंही विक्रेत्याच्या दारातच हात जोडले. गाडीची पूजा झाली होती, तो आज इंजिन सुरू करणार नव्हता. मी दोघांवरही यथेच्छ ओरडलो. दोघांनीही मला आणखी प्रसाद दिला.

घरी येऊन दार आपटलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली. "अहो, मला एकदा विचारायचं होतंत. इथलं शेंबडं पोरही सांगेल."

"हस तू. तिकडे मुंबईवाला येतोय."

"चला, चप्पल घाला," ती म्हणाली. "आपला मांडववाला विक्रेत्याच्या गल्लीतच राहतो."

आमच्या लग्नाचा मांडव बांधणारा तो म्हातारा. दुर्गापूजेचे मांडव तोंडावर आलेले, त्याच्या अंगणात कापून ठेवलेल्या बांबूंची रास होती. त्याचाही कोयता देवापुढे होता. बायकोनं बंगालीत सगळं सांगितलं. त्यानं माझा कॅमेरा दोन्ही हातांत घेऊन वजन अजमावलं. मग म्हणाला, "कापायला हत्यार लागतं, दादा. बांधायला हातच लागतात."

त्यानं बांबू वाजवून वाजवून तीन निवडले आणि आपल्या चार माणसांच्या खांद्यावरून विक्रेत्याच्या दारात नेले. त्यांचा लांबट त्रिकोण केला आणि गाडीच्या पुढच्या बंपरला आणि खालच्या सांगाड्याला काथ्याच्या दोरीनं बांधला. बंपरला चरे पडू नयेत म्हणून दोरीखाली जुन्या साडीचे तुकडे घातले. ना पाना, ना स्क्रू, ना सुरी; दोरीची टोकं तशीच आत खोचली. मी टोकाला लोंबकळून पाहिलं. बांबू वाकला आणि परत जागेवर आला. मग त्याच टोकाला त्यानं माझा कॅमेराही बांधला.

ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसायला तयार झाला, पण किल्लीला हात लावीना. तेव्हा म्हातारा म्हणाला, "ढकलायला देवाची ना नाही." तो आणि त्याची चार माणसं डिकीमागे वाकली. गाडी मुक्यानं चालू लागली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंजिनच बंद, तर थरथर येणार कुठून? चालण्याच्या वेगानं जरी गेली तरी शटर दोन सेकंद उघडं ठेवलं की रस्ता पळणारच. दोन आठवडे मी पाइपाशी झुंजलो होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. वर आकाशभर पतंग होते; इकडे ते संक्रांतीला नाही, विश्वकर्मा पूजेला उडवतात. मी शेजारून चालत शटरला लांब नळीनं जोडलेला रबरी फुगा दाबला.

निगेटिव्ह भिंगाखाली धरली तेव्हा नंबरप्लेटचे स्क्रू मोजता येत होते, आणि मागची झाडं नुसत्या रेघा. मला इतका अभिमान वाटला की मी डार्करूममध्ये एकटाच मोठ्यानं हसलो. आमच्या रिटचिंगवाल्यानं मोठ्या प्रिंटवरचे बांबू बारीक ब्रशनं पुसून टाकले, त्यावरून कॅलेंडर छापलं. साहेबांनी मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही.

ताठ मानेनं मी पहिलं कॅलेंडर म्हाताऱ्याला नेऊन दिलं. त्यानं हात पुसले आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "बाँश कोथाय, दादा?" बांबू कुठे आहे?

मी समजावलं, की तो दिसू नये यातच सगळी कारागिरी आहे. "भालो," म्हणजे छान, एवढं म्हणून त्यानं कॅलेंडर गुंडाळून ठेवलं. वाटेत मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. माझ्या कामावर कोणी बोट ठेवलं तरी मी भडकतो, आणि त्याचं काम पुसून मी त्यालाच भेट द्यायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मूळ निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढली. बांबू, दोऱ्या, साडीचे तुकडे, सगळं तिच्यात होतं. ती पाहताना त्यानं गाडीकडे लक्षही दिलं नाही. एकेका गाठीवरून बोट फिरवत राहिला.

पुढच्या वर्षी विश्वकर्मा पूजेला त्यानं आम्हां दोघांना बोलावलं. देवापुढे कोयता होता, दोरीचं वेटोळं होतं आणि मध्ये तो फोटो टेकून ठेवला होता. फोटोला कुंकू लावलेलं होतं, गाडीला नव्हे, बांबूला. मी खांद्यावरचा कॅमेरा काढून त्याच्या शेजारी ठेवला. त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही.