महिपतीने मोकळं ठेवलेलं शेत

गडब गावच्या महिपतीला आम्ही 'विमानवाला' म्हणायचो. विमानाचं चाक त्याने एकदाच हाताने पुसलं होतं, पण नाव पडायला आमच्याकडे तेवढं पुरतं.

साठ सालच्या सुमारास, भात कापून झालं होतं आणि वाल टाकायचे होते, तेव्हा इंजिन बिघडलेलं एक छोटं खाजगी विमान त्याच्या शेतात उतरलं. धाकटा भाऊ दिनानाथ याच्याबरोबरचं ते सामाईक शेत पंचक्रोशीत सर्वांत लांब, म्हणून आतला पारशी साहेब वाचला. मुंबईहून मेकॅनिक येईपर्यंत तो महिपतीच्या ओटीवर राहिला, तांदळाच्या भाकऱ्या जेवला आणि त्याच शेतातून उडाला. जाताना महिपती बोलून बसला, "सायब, पुढल्या साली पोपटीला या. वालाच्या शेंगा मडक्यात भाजू. शेत मोकलं ठेवतो."

साहेब हसून हो म्हणाला. मोठ्यांचं हो किती टिकतं हे गावाला ठाऊक होतं, महिपतीला नाही.

पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळी दिनानाथ बिथरला. "एका पावण्यापायी आख्खं शेत पडीक ठेवतोस? पोरांनी काय खावं?"

"शब्द दिलाय."

"तू दिलास. मी नाय."

बोलण्याने बोलणं वाढलं आणि वाटणी झाली. मधला आडवा बांध महिपतीनेच घातला, रागाच्या भरात चांगला गुडघ्याच्या वर. दिनानाथने आपल्या अर्ध्यात वाल टाकले, त्यांचे वेल बांधावर चढले, वरून तो दिसेनासा झाला. महिपतीने आपला अर्धा भाग ढेकळं फोडून अंगणासारखा सपाट ठेवला. निम्मा तरी शब्द पाळला, असं त्याला वाटत होतं.

पौषात साहेबाचा निरोप आला, रविवारी येतो. महिपतीने उलट निरोप धाडला, जरूर या. बांधाचं कळवलं नाही. भाऊ वेगळे झाले हे परक्याला कशाला सांगायचं? घरातलं घरात.

रविवारी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भरून ठेवल्या होत्या. विमान दोनदा घिरट्या घालून उतरलं. मोकळ्या अर्ध्यात चाकं नीट टेकली, धावली, आणि बांधाला धडकली. विमान पलीकडे वालात उलटं पडलं. साहेब जागीच गेला. आत मिठाईचा एक मोठा खोका होता, दोन्ही भावांच्या पोरांना मिळून एकच.

पोलीस आले, गेले. महिपती ओटीवर बसून होता. आपल्याला रडू कसं येत नाही, याचंच त्याला भय वाटत होतं. मडकं कुणी पेटवलं नाही.

संध्याकाळी दिनानाथ फावडं घेऊन आला. कित्येक दिवसांनी तो या ओटीवर चढला होता.

"दादा, बांध काढतो मी."

महिपतीने फावड्याकडे पाहिलं.

"आता कोण यायचाय?"

दिनानाथ फावडं खांद्यावर टाकून बांधावरून आपल्या घरी गेला.