थंड पेटीच्या गावची सरपंच

ग्रामपंचायतीत पाऊल टाकलं की तुळसाबाई आधी भिंतीवरच्या इंटरनेटच्या पेटीला तळहात लावायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. "थंडच हाय," म्हणायच्या आणि मग खुर्चीत बसायच्या. पेटीच्या उद्घाटनाची झेंडूची माळ तिथंच वाळून लटकत होती. ती त्यांनी कोणाला काढू दिली नाही. "राहू दे. मेल्यावर बी माळ घालत्यात."

पेठच्या डोंगरातल्या त्या गावात मला सरकारी ब्रॉडबँड योजनेतून 'डिजिटल प्रशिक्षक' म्हणून पाठवलं होतं. नाशिकहून एसटीने जायचं आणि जे नाही ते कसं वापरायचं हे शिकवायचं. मी बायकांना नुसतं टाइप करायला शिकवत असे. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं, त्यात मुळातच मी कमी बोलणारी. तुळसाबाई मला 'मास्तरीण' म्हणायच्या आणि सगळ्यांसमोर चिडवायच्या, "हिचं बी नेट स्लो हाय. प्रश्न आत्ता विचारा, उत्तर उद्या."

साहेब लोक यायचे ते त्यांच्या नवऱ्याशी बोलायचे. नवरा भला माणूस. तो बायकोकडे बोट दाखवायचा. त्या म्हणायच्या, "त्यांच्याकडं काय बघताय साहेब? निवडून मी आलेय. ते घरचं बघत्यात."

त्या हिवाळ्यात योजनेचे एक अधिकारी ठराव करून घ्यायला आले. 'गावात नेट सुरू आहे' असं ग्रामसभेने म्हटलं की कंत्राटदाराचं बिल निघणार होतं. गावाचं मरण दुसऱ्याच गोष्टीत होतं. नेट नसलेल्या गावात रेशन दुकानदाराला वहीवर अंगठा घेऊन धान्य देता येतं. गाव ऑनलाइन झालं की वही बंद. मग मशीनवर अंगठा उठला तरच तांदूळ, आणि मशीनला नेट लागतं.

"आहेत तेवढ्यांनी हात वर करा," साहेब म्हणाले.

"अर्धा गाव दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला गेलाय," तुळसाबाई म्हणाल्या. "त्यांचे बी हात मोजायचे. नेट हाय ना? लावा व्हिडिओ. तुमच्याच पेटीवरनं."

लोक हसले. साहेबांनी लॅपटॉप उघडून पेटीला जोडला. पडद्यावर लोडिंगचा गोल फिरू लागला आणि फिरतच राहिला.

"मास्तरीण, दिसला का कोण?"

"नाही," मी म्हणाले.

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे," साहेब म्हणाले.

"मग तसंच लिवा ठरावात. इंग्रजीत लिवा, मास्तरीण वाचून दाखवंल."

ठराव झाला नाही. तरीही पुढच्याच महिन्यात योजनेच्या नाशिकच्या कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर आमचं गाव हिरवं झालं. हिरवा ठिपका म्हणजे नेट सुरू. मी तिथल्या बाईंना विचारलं, हे कोणी केलं? त्या म्हणाल्या, "सिस्टीमने." कायदा आहे, निधी आहे, पडदा आहे, पण माणूस मात्र कुठेच नाही, सगळं सिस्टीम करते! मला आजही तो शब्द ऐकला की डोकं भणभणतं.

वही बंद झाली. दुकानात पोती होती, पण मशीन अंगठा घेईना. घरोघरी चूल नागलीच्या शेवटच्या पिठावर आली. तुळसाबाईंनी दोन जीप ठरवल्या, गावातली म्हातारी माणसं त्यांत बसवली, दुकानदाराला मशीनसकट उचललं आणि नाशिकला थेट त्या साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. मीही मागे उभी होते. मशीन त्यांनी काचेच्या टेबलावर, साहेबांच्या चहाशेजारी ठेवलं.

"हितं नेट हाय. उठवा रे अंगठं. घाई नाय, साहेब थांबत्यात."

"बाई, हे काय चाललंय? बाहेर व्हा!"

"साहेब, गाव हिरवं केलंत ना तुम्ही? मग आता गाव बघा की."

शिपाई धावत आला आणि रांगेतली म्हातारी माणसं बघून दारातच थांबला. एकेक अंगठा उठत गेला. मशीन प्रत्येक वेळी चिठ्ठी ओकत होतं. साहेब फोनवर पोलिसांना बोलवत होते, आणि तुळसाबाई एका म्हाताऱ्याचा अंगठा स्वतःच्या पदराने पुसून मशीनवर टेकवत होत्या. त्या महिन्याचं धान्य गावाला मिळालं.

नंतर त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला आणि पद काढून घेण्याची नोटीस आली. सुनावणीला मी गेले होते. "सरकारी कामात अडथळा आणला, हे मान्य आहे का?" असं सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं.

तुळसाबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"काम चालू कुठं होतं साहेब, अडवायला?"

कोणी हसलं नाही. लिहिणाऱ्याने वर पाहिलं आणि ते वाक्य न लिहिताच पुढचा प्रश्न मागितला. म्हणून ते मी इथे लिहून ठेवते आहे. तुळसाबाईंचं पद गेलं. गाव पडद्यावर अजून हिरवं आहे.